गुंठा घेण्याआधी सातबारा उघडा

नाना नाशिकरोडच्या प्रेसमधून १९९८ साली निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले आणि आठवडाभरात घरी माणसांची ये-जा सुरू झाली. कुणी मुदत ठेव सांगे, कुणी सोनं. नानांचं मन मात्र जमिनीवर बसलेलं. "पैसा खर्चून जातो, जमीन कुठं जात नाही," हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. शेवटी पेठरोडच्या अंगाला, शहराच्या हद्दीबाहेर त्यांनी दोन गुंठे घेतले. चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्यांना रंगवलेले दगड, मधून बारा फुटांचा रस्ता आखलेला. स्टॅम्पपेपरवर करारनामा झाला, नोटरीचा लाल शिक्का बसला, सोबत एक मुखत्यारपत्र. तो कागद नानांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवला. ज्या प्रेसच्या आवारात त्यांची उभी हयात गेली, तिथंच मुद्रांक कागद छापले जातात. त्या कागदाच्या ताकदीबद्दल शंका घ्यावी असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

२००९ मध्ये मूळ जमीनमालक वारले. मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते मुखत्यारपत्रही साधारणपणे संपतं. मागे दोन मुलगे, तीन मुली, आणि तोवर भाव चढलेला. सातबाऱ्यावर नानांचं नाव कधी लागलंच नव्हतं. पाच वर्षं हेलपाटे घातल्यावर मूळ रक्कम आणि वर थोडंफार परत मिळालं. व्यवहाराला तोवर सोळा वर्षं झाली होती. नुसत्या आठ टक्क्यांनीही सोळा वर्षांत पैसा जवळपास साडेतीनपट होतो.

त्या प्रकरणाची कागदं वाचता वाचताच मी या कामात ओढली गेले. आज नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ एका वकिलांच्या कार्यालयात दस्त तयार करण्याचं काम करते. रोज कुणीतरी आयुष्याची पुंजी घेऊन समोर बसतं, आणि बहुतेक वेळा विसार देऊन झाल्यावर येतं. आधी यावं, म्हणून हे लिहिते आहे.

विकत नेमकं काय घेतो?

सोनं घेतलं की मूठ मिटली, आपलं झालं. बँकेतली ठेव बँकेच्या वहीत असते. जमीन ना मुठीत मावते, ना घरी आणता येते. ती जागच्या जागी राहते आणि फक्त तिच्यावरचा हक्क एका नावावरून दुसऱ्या नावावर जातो. तो हक्क सरकारी दप्तरात लिहिलेला असतो. आपण पैसे देतो ते त्या हक्कासाठी. प्लॉट दाखवायला नेणारा माणूस आपल्याला माती दाखवतो, झाडं दाखवतो, लांबून डोंगर दाखवतो. हक्क त्या दिवशी दिसत नाही.

दप्तरं दोन आहेत आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एक दुय्यम निबंधकाचं, म्हणजे जिथं खरेदीखत नोंदवतात ते. दुसरं महसुलाचं, म्हणजे तलाठ्याचं. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पहिल्या दप्तरात व्यवहार नोंदला जातो, दुसऱ्यात त्या व्यवहाराची फेरफार नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव चढतं. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं तरी अडचण, आणि दोन्ही न होता नुसती नोटरी झाली असेल तर हातात जवळपास काहीच नसतं.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा आहे. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानेच विकली जाते, हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट सांगितलं, की मुखत्यारपत्र आणि करारनामा यांच्या जोरावर मालकी मिळत नाही. तरी आजही माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण म्हणतात, "ताई, स्टॅम्पवर केलंय ना सगळं." महाराष्ट्रात साध्या करारनाम्याचा शंभर रुपयांचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. कागद महाग झाला, पण त्याने मालकी मिळत नाही ती नाहीच. खऱ्या खरेदीखताचं मुद्रांक शुल्क तर हल्ली ऑनलाइन चलनानेच भरलं जातं, स्टॅम्पपेपरचा तिथे संबंधही येत नाही.

तीन शब्द वेगवेगळे ओळखा. विसार पावती म्हणजे बोलणं पक्कं झाल्याची खूण. साठेखत म्हणजे पुढे विकेन असा करार. ते नोंदवलेलं असेल तर खरेदीखत करून मागण्याचा हक्क तुमच्याकडे येतो, मालकी नाही. मालकी येते ती खरेदीखताने. तिथे सही-अंगठा झाला की सूची क्रमांक दोन मिळते, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्यावर घेणारा, देणारा, गट क्रमांक, क्षेत्र, किंमत आणि भरलेलं शुल्क असतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर या सूची शोधता येतात. वकील तीस वर्षांचा सर्च घेतात तो हाच, निबंधक कार्यालयातलं जुनं दप्तर धरून.

सातबारा कसा वाचायचा

आता दिंडोरी रोडच्या बाजूचा एक गट तुम्हाला दाखवला आहे असं समजू. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा आणि स्वतः काढलेला ताजा उतारा समोर घ्या. मी तीन वर्षांपूर्वीची झेरॉक्स दाखवून केलेले व्यवहार पाहिले आहेत. मधल्या काळात त्यावर गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढलेला होता.

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सात हा अधिकारांचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. वरती गाव, तालुका, गट क्रमांक असतो. तिथेच भूधारणा पद्धती लिहिलेली असते आणि माझी नजर सगळ्यात आधी तिकडे जाते. भोगवटादार वर्ग १ असेल तर मालक सहसा कुणाच्या परवानगीशिवाय विकू शकतो. वर्ग २ असेल तर सरकारची परवानगी लागते, बहुधा नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरून. कुळाला मिळालेली, सरकारने दिलेली, वतनाची अशा जमिनी या वर्गात येतात. त्र्यंबक-पंचवटीच्या भागात देवस्थान इनामाच्याही जमिनी आहेत आणि त्यांची विक्री हा साधा विषय नाही. "परवानगीचं मी बघतो" असं विकणारा म्हणाला, तर परवानगीचा आदेश हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

डाव्या बाजूला क्षेत्र असतं, हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणून बोलताना आर आणि गुंठा एकच धरतात, पण चाळीस गुंठ्यांच्या एकराला तो फरक जवळपास अर्ध्या गुंठ्याचा होतो. क्षेत्राखाली पोटखराबा असतो, म्हणजे ओढा, खडक, नाला अशी लागवडीला न येणारी जमीन. पैसे मोजताना ती वेगळी धरायची असते.

मधल्या भागात नावं. एकाच नावापुढे पूर्ण क्षेत्र असेल तर उत्तम. अकरा नावं आणि पुढे एकत्रित क्षेत्र असेल, तर तो सामाईक सातबारा. त्यातल्या एकाने "माझा हिस्सा रस्त्याकडचा" म्हणून दाखवलेली जागा कागदावर अजून त्याची एकट्याची नसते. वाटप झालेलं नसतं, पोटहिस्सा मोजलेला नसतो. रेघ ओढलेली नावं जुनी, कमी झालेली. त्यांच्याजवळच्या फेरफार क्रमांकाकडे मात्र लक्ष द्या. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाची नोंद काढून वाचली की जमीन कशी कशी हातांतून आली ते कळतं.

इथेच मुलींचा प्रश्न येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला, महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच पाऊल टाकलं होतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं, की ती केंद्राची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही. तरी फेरफारांत बहिणींची नावं नसतातच. आमचंच उदाहरण: निफाडकडच्या जमिनीची वारस नोंद झाली तेव्हा माझ्या दोन आत्यांची नावं कुणी सुचवलीसुद्धा नाहीत. भाऊबीजेला आलेल्या धाकट्या आत्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "आमचं नाव लागतं का गं?" लागतं, आत्या. घेणाऱ्यानेही हेच विचारायचं असतं. बहिणी किती, त्यांचा नोंदणीकृत हक्कसोड झाला आहे का, नसेल तर त्या खरेदीखतावर सही करायला येणार आहेत का. नानांच्या व्यवहारात तीन मुली होत्या, हे आम्हाला मालक गेल्यावर कळलं.

उजवीकडचा रकाना इतर अधिकारांचा. बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, न्यायालयीन दावा, पुनर्वसन कायद्याखालचं बंधन असं सगळं इथे येतं. धरण-कालव्यांच्या आपल्या जिल्ह्यात हे शेवटचं बंधन पुष्कळ उताऱ्यांवर दिसतं आणि लोक त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. तसं करू नका. हा रकाना मोकळा आहे की भरलेला, यावर व्यवहार तोलायचा असतो. अगदी खाली प्रलंबित फेरफार आहे की नाही ते लिहिलेलं असतं. प्रलंबित असेल तर थांबा. कुणीतरी त्या जमिनीवर तुमच्या आधी काहीतरी नोंदवलेलं आहे.

इतकं सगळं सांगूनही एक गोष्ट राहतेच. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. ती महसुलाची नोंद आहे. कायदा ती खरी धरून चालतो, पण तेवढं उलट काही सिद्ध होईपर्यंतच. म्हणूनच सातबाऱ्यासोबत जुने दस्त, फेरफार, सर्च आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, असं सगळं एकमेकांना जुळवून पाहावं लागतं. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक असतं. वाचण्याची रीत तीच.

गुंठ्याचा मोह

दोन-तीन लाखांत जमीन म्हटली की ती बहुधा गुंठ्याची असते. शेतजमिनीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे असं ठरलं. त्याहून लहान तुकडा शेतजमीन म्हणून वेगळा करून विकता येत नाही. २०२५ मध्ये शासनाने रहिवासी वापराच्या भागांतले जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याची वाट काढली, आणि ती बातमी फोनवर फिरल्यापासून "आता गुंठा कायदेशीर झाला" असं सांगणारे वाढले आहेत. ती सवलत जुन्या व्यवहारांसाठी आणि ठरावीक क्षेत्रांसाठी आहे. उद्या नवीन शेतात चुना मारून पाडलेल्या प्लॉटला ती लागू आहे असं कुणी सांगितलं, तर मंजूर रेखांकन आणि अकृषिक वापराचा कागद मागा.

शेतजमीन घ्यायची तर कूळकायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आणि नाशिककरांनी एक गोष्ट तर मनावर कोरून ठेवावी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी या पट्ट्यात आदिवासी बांधवांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ती परवानगी सहजासहजी मिळत नाही. धरणाकाठचं फार्महाऊस म्हणून भाडेकराराच्या, मुखत्यारपत्राच्या आडून असे व्यवहार होतात. ते कायद्यात टिकत नाहीत. आणि टिकावेत असंही मला वाटत नाही. ती जमीन त्या घराची शेवटची शिदोरी असते.

नकाशावरच्या रेघा

मालकी स्वच्छ असली तरी त्या जागेवर काय करता येईल, हे नकाशा ठरवतो. महापालिका हद्दीत नगररचना विभागाकडून झोन दाखला मिळतो. यलो म्हणजे रहिवासी, ग्रीन म्हणजे शेती. रस्त्याचं, शाळेचं, उद्यानाचं आरक्षण असेल तर तेही त्यातच कळतं. "ग्रीन आहे, पण लवकरच यलो होणार" या आशेवर लोकांनी उभी हयात काढली आहे. यलोचा भाव देऊन ग्रीन घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी रेघ पाण्याची. गोदावरीला २००८ च्या सप्टेंबरात मोठा पूर आला, त्यानंतर नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखली गेली. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी-लालच्या मध्ये अटींसह. गोदाघाटावर आपण दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागलं की पुराचा अंदाज करतो. प्लॉट घेतानाही तसंच जुन्या माणसांना विचारावं: २००८ ला इथे पाणी कुठवर होतं? २०१९ ला? नासर्डी आणि वालदेवीच्या काठी राहणाऱ्यांना त्याचं उत्तर तोंडपाठ असतं. हा प्रश्न विचारायला वकील लागत नाही.

सध्या नाशिकमध्ये प्रत्येक व्यवहारात सिंहस्थ येतो. "ताई, कुंभमेळ्याआधी घ्या, नंतर हाताला लागणार नाही." २०१५ च्या आधीही हेच ऐकलं होतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आणि भरवीर, गोंदे, घोटी ही नावं दलालांच्या तोंडी आली. रस्त्याने जमिनीची किंमत वाढते हे खरंच आहे. पण महामार्ग जवळून जाणं वेगळं आणि त्यावर चढता येणं वेगळं. समृद्धीवर ठरावीक ठिकाणीच चढता येतं. बाकी गावांना त्याचं कुंपण दिसतं. शिवाय रस्त्याच्या बातमीचा भाव विकणाऱ्याने आधीच लावून ठेवलेला असतो.

फ्लॅटचं गणित

पगारदार माणसाची बचत बहुधा फ्लॅटमध्येच जाते, आणि कर्जाच्या सोयीमुळे ते बरोबरही आहे. शेतजमिनीला गृहकर्ज मिळत नाही. पण बँक ८० टक्के देते म्हणजे २० टक्के जमवले की झालं, असं नाही. पाथर्डी फाट्याला बांधकाम सुरू असलेला ५० लाखांचा फ्लॅट धरा. कर्ज ४० लाख, आपले १० लाख. त्यावर मुद्रांक शुल्क शहरात सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३ लाख. नोंदणी फी एक टक्का पण कमाल ३० हजार. बांधकाम सुरू असताना ५ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. बेरीज १५ लाख ८० हजार. घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. या उदाहरणात ते ५० हजार रुपये होतात. माझा फ्लॅट माझ्या नावे आहे त्यामागचं हे एक कारण, दुसरं सांगायला नको.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४० लाखांचा हप्ता साधारण ३४,७०० रुपये बसतो. वीस वर्षांत परतफेड ८३ लाखांच्या वर जाते. हाच फ्लॅट १४ हजारांनी भाड्याने गेला, तर वर्षाला १ लाख ६८ हजार, म्हणजे किमतीच्या सव्वातीन टक्क्यांच्या जवळपास. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि रिकामा गेलेला महिना वजा करा. म्हणून राहायला घर घेणं आणि गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात भाडं वाचतं, पोरांच्या शाळा स्थिर होतात, घरमालकाच्या निरोपाची धास्ती जाते. दुसऱ्यात फक्त आकडा उरतो, आणि तो आकडा फारसा बोलका नाही.

नवीन इमारत असेल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक पाहा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त घरं, असं दोन्ही असलं की नोंदणी सक्तीची आहे, प्लॉटच्या प्रकल्पालाही. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्याच वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. कुणी मागितली, तर त्या माणसाची घाई तुम्हाला काहीतरी सांगते आहे. जुना फ्लॅट घेत असाल तर आणखी एक विचारा: इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का? त्याला अभिहस्तांतरण म्हणतात. ते झालेलं नसेल तर भिंती तुमच्या आणि जमीन अजून बिल्डरच्या नावे. पुढे पुनर्विकासाची वेळ आली की हे उघडं पडतं.

वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला-द्यायला स्थावर व्यवहारात बंदी आहे. "थोडं व्हाइट, थोडं ब्लॅक" या सवयीत घेणाऱ्याचंच जास्त नुकसान होतं. कागदावर किंमत कमी दिसते, विकताना नफा जास्त दिसतो आणि कर त्या फुगलेल्या नफ्यावर बसतो. दोन वर्षांनंतर विकलेल्या जमिनी-घरांच्या नफ्यावर आता साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्यांना महागाई धरून २० टक्क्यांचा पर्यायही मिळतो. ग्रामीण शेतजमिनीला हा कर नाही, पण नाशिकसारख्या दहा लाखांवर वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली शेतजमीन यात ग्रामीण धरत नाहीत.

पैसा मुरायला लागणारा वेळ

"वडिलांनी पंचाण्णवला लाखाला घेतलेला प्लॉट आज पंचवीस लाखांचा आहे." ऐकायला पंचवीसपट. तीस वर्षांवर पसरला की वर्षाला सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास. वाईट मुळीच नाही. पण त्या तीस वर्षांत कुंपण, मोजणी, राखण हेही खर्च झाले, आणि ज्यांचे प्लॉट अडकले ते लोक अशा गप्पांत बोलत नाहीत. नाना कधी बोलले नाहीत.

जमिनीचा खरा अवगुण म्हणजे ती तुकड्याने मोडता येत नाही. दवाखान्यात दोन लाख लागले तर अर्धा गुंठा विकता येत नाही, आणि अडचणीत विकायला काढली की गावाला लगेच कळतं. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि आरोग्य विमा बाजूला नसेल, तर जमिनीचा विचारच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोनं इथे कामाला येतं. सराफ बाजारात जाऊन तासाभरात मोडता येतं, बँकेत तारण ठेवता येतं. दागिन्यापेक्षा वळं किंवा नाणं घेतलं तर घडणावळ वाचते. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, तो बघून घ्यावा.

शेतकऱ्याची बचत मात्र वेगळ्या वाटेने जाते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. निफाड-दिंडोरीकडे पैसा द्राक्षबागेच्या मांडवात जातो: लोखंडी अँगल, तारा, ठिबक, डॉगरिज खुंटावर भरलेलं कलम. बाग दहा-पंधरा वर्षं चालते, दरवर्षी दोन छाटण्या मागते, एका गारपिटीत हंगाम घेऊन जाते. ती झिजणारी मालमत्ता आहे, पण कमावणारी आहे. माझे चुलतभाऊ तर म्हणतात, आधी शेततळं, मग बाकी सगळं. शेजारच्या दोन एकरांपेक्षा त्यांनी पाणी निवडलं, आणि आहे त्याच जमिनीचं मोल वाढलं.

खरेदीखत झालं की बहुतेक जण पेढे वाटून मोकळे होतात. पण नोंदणीनंतर फेरफाराची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतात. तोवर पाठपुरावा सोडायचा नाही. नंतर मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्या, घरपट्टी आणि वीजबिल स्वतःच्या नावावर आणा, आणि मृत्युपत्र करा, त्यात मुलींची नावं स्पष्ट लिहा.

मी दर दिवाळीत आमच्या गटाचा उतारा १५ रुपये भरून काढते आणि आधी इतर अधिकारांचा रकाना बघते, मग प्रलंबित फेरफार. गेल्या वर्षी नावांच्या रकान्यात दोन्ही आत्यांची नावं लागली. धाकट्या आत्याने त्याची रंगीत प्रिंट मागून घेतली.